मागल्या जन्मीचा हिशेब कोणी मागावा?

कार्तिकीची वारी करून परतल्यावर सोलापुरात एका मारुतीच्या देवळात आमच्याकडे कीर्तनाची सेवा होती. निरूपणाला विषय घेतला होता पुनर्जन्माचा. संचित म्हणजे काय, प्रारब्ध कशास म्हणावे, क्रियमाण कोणते, याची फोड आम्ही नेहमीप्रमाणे केली. माना डोलल्या, टाळ वाजले, आरती झाली, बुक्का लागला. मंडळी पायतण शोधू लागली, तेव्हा दोन माणसे मागे थांबली. त्या दोघांनी आमची झोप उडविली, म्हणून आज हा लेख.

पहिला होता कॉलेजात शिकणारा एक मुलगा. घरी माळ आहे, आजोबांबरोबर वारीही केलेली. हात जोडून म्हणाला, "महाराज, आत्मा पुन्हा जन्म घेतो असं तुम्ही सांगितलं. पण ते तपासून कसं बघायचं? आणि तपासताच येत नसेल, तर खरं कशावरून?" शेजारचे एक गृहस्थ त्याच्यावर खेकसले, "देवळात असलं बोलू नये!" पोरगा वरमला.

दुसरी होती विड्या वळून पोट भरणारी एक म्हातारी. कडेवर नातू. ती म्हणाली, "म्हाराज, ह्या लेकरानं आदल्या जन्मी काय केलं आसंल वो? अडीच वर्साचं झालं, हाक मारली तर वळून बघत नाही. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, त्याचा भोग हाय, भोगूनच सरायचा. म्हणून आमी कुठं दाखवलं बी नाही."

आम्ही दोघांनाही त्या वेळी काहीतरी बोलून वाटेला लावले. पण अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की, हे प्रश्न दोन नव्हेत, एकच आहे. पोराने विचारले, "हे तुम्हांस कसे कळले?" आणि म्हातारीचे दुःख हेच की, कोणालाही न कळलेली गोष्ट गल्लीने तिच्या नातवाच्या कपाळावर लिहून टाकली होती.

आधी पोराचे पाहू. त्याच्यावर खेकसणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच की, ही शंका नास्तिकाची नव्हे. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन दिवस उपाशी बसला आणि त्याने नेमके हेच विचारले. मेल्यावर माणूस उरतो की नाही, काहीजण होय म्हणतात, काहीजण नाही म्हणतात, तू सांग. यमाने त्याला हाकलून दिले नाही. देवांनाही येथे पूर्वी संशय पडला होता, दुसरा वर माग, असे तो म्हणाला. जेथे देवांना संशय पडला तेथे आमच्या सोलापूरच्या पोराला पडला, तर त्यात त्याचे काय चुकले?

बरे, तपासण्याचा यत्न कोणी केलाच नाही असेही नाही. बौद्धांच्या दीघनिकायात पायासी नावाच्या राजाची कथा आहे. आत्मा वेगळा असेल तर तो दिसला पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याने देहदंडाचा एक चोर मडक्यात घातला, तोंड चामड्याने व मातीने बंद केले, आणि चोर मेल्यावर हळूच मडके उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. काही दिसले नाही. दुसऱ्या एकाला जिवंतपणी व मेल्यावर तोलून पाहिले, तर प्रेत अधिक जड भरले. कुमार कस्सप नावाच्या भिक्षूने त्याला अरणीचा दृष्टांत दिला. एका अजाण पोराने अग्नी हवा म्हणून अरणीचे लाकूड फोडफोडून पाहिले. लाकडाच्या चिपा झाल्या, पण आग हाती आली नाही, कारण ती घासल्याने निघते, फोडल्याने नव्हे.

यानंतर कैक शतकांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत डंकन मॅक्डूगल नावाच्या डॉक्टरांनी पुन्हा तोच काटा काढला. मरणोन्मुख रोग्याची खाट वजनाच्या काट्यावर ठेविली. सहा रोगी पाहिले. पहिल्याचे वजन प्राण जाताना एकवीस ग्रॅमने घटले, आणि आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम अशी जगभर बोलवा झाली. पण बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, दोघांची मापे तर डॉक्टरांनी स्वतःच बाद केली. पुढे त्यांनी पंधरा कुत्रीही तोलली. त्यांचे वजन घटले नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नसावा असा त्यांचा कयास. आता वारकऱ्याने काय करावे? नामदेवराय तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागे धावले, त्याच कुत्र्याला काट्याने नापास केले! राजाच्या तराजूत प्रेत जड, डॉक्टरांच्या तराजूत हलके. अशा मापाने बाजारात कोणी कांदासुद्धा घेणार नाही.

तिसरा यत्न आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९७४ साली नागपूरची एक सुशिक्षित, महाविद्यालयात शिकविणारी मराठी बाई एकाएकी बंगाली बोलू लागली. आपले नाव शारदा असे सांगू लागली. तेव्हा तिला मराठी कळेनासे होई. आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालातील विवाहिता, सर्पदंशाने गेलो, असे ती सांगे. काही दिवसांनी ती पुन्हा पहिल्यासारखी होई. व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी ही हकिकत तपासून १९८० साली अहवाल छापला. पुण्याच्या प्रा. अकोलकरांनीही पुष्कळ वर्षे तिचा पाठपुरावा केला. शारदेने सांगितलेली काही पुरुषांची नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीत सापडली. इतके वाचून आमच्यासारख्याचे हात आपोआप जोडले जातात. परंतु दुसरी बाजूही त्याच अहवालांतून बाहेर आली. बाईने पूर्वी बंगाली लिपीचे काही धडे घेतले होते, घरात बंगालविषयी ओढ होती, नागपुरात बंगाली कुटुंबेही पुष्कळ. भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. खुद्द स्टीव्हन्सन साहेबांची सचोटी मानावी लागेल. अडीच हजारांवर हकिकती गोळा करूनही ते 'सिद्ध झाले' असे म्हणाले नाहीत. १९६६ साली त्यांनी जे पुस्तक काढले, त्याच्या नावातच त्यांनी ह्या हकिकती पुनर्जन्म सुचवितात, एवढाच शब्द वापरला. त्यांनी एक आकड्यांचे कुलूपही लावून ठेविले होते. आकडे फक्त त्यांना ठाऊक. मेल्यावर जमल्यास ते कोणाला तरी कळवावयाचे, असा बेत. ते २००७ साली वारले. कुलूप उघडल्याची वार्ता काही आली नाही.

तेव्हा पोराला आमचे प्रामाणिक उत्तर हे की, बाळा, आजवर जी जी परीक्षा झाली तिने पुनर्जन्म सिद्ध झालेला नाही. आमची त्यावर श्रद्धा आहे, ती गुरुपरंपरेने व ग्रंथांनी दिलेली आहे, आणि ती आम्हांस प्रिय आहे. पण श्रद्धेला आम्ही प्रयोगाचा दाखला जोडणार नाही. खोटा दाखला जोडलेली श्रद्धा फार दिवस टिकत नाही. दाखला फाटला की तीही फाटते.

येथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट पाहिली पाहिजे. सज्जन माणूस दुःखात दिसला की आपण म्हणतो, मागल्या जन्मीचे पाप. दुर्जन गादीवर लोळताना दिसला की म्हणतो, मागल्या जन्मीचे पुण्य. सज्जनाचे चांगले झाले, कर्म. दुर्जनाचे वाईट झाले, कर्म. म्हणजे काहीही घडो, आपले म्हणणे खरेच ठरते. आडतीत एखाद्याने असा तराजू ठेविला की, पारड्यात पोते टाका की पिसे टाका, काटा जागचा हलत नाही, तर शेतकरी काय म्हणेल? तो म्हणेल, "दादा, हा तराजू नव्हंच." ज्या वचनाला कोणतीही घटना खोटे पाडू शकत नाही, ते वचन मनाला धीर देईल, नम्रता देईल, पण अमक्या लेकराने अमके पाप केले असा निवाडा देण्याच्या ते कामाचे नाही. निवाड्याला पुरावा लागतो, आणि येथे पुरावा देणारा कोणीच हजर नाही.

कोणी म्हणेल, हे इंग्रजी शिकलेल्यांचे बोलणे झाले. मग गीताच घ्या. चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म झाले, ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस. वाचकहो, हे कोणाला सांगितले? प्रत्यक्ष देवाचा सखा, रथात बसलेला अर्जुन, त्याला! त्याला स्वतःचा मागला जन्म ठाऊक नाही, आणि आपल्या गल्लीतल्या मंडळींना शेजारच्या लेकराचा ठाऊक आहे! त्याच अध्यायात पुढे कर्माची गती गहन आहे असेही देव बजावतात. ज्याला देव गहन म्हणतो ते आपण ओट्यावर बसून, तांदूळ निवडता निवडता उलगडून दाखवितो. ही कर्मसिद्धांतावरची श्रद्धा नव्हे. देवाच्या वहीत आपण केलेली खाडाखोड आहे ही.

आणि ही खाडाखोड किती महाग पडते ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पंढरपुराहून मंगळवेढे फार दूर नाही. तेथे चोखोबाराय राहिले. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात, आपला हा जन्म मागल्या जन्मीच्या निंदेचे फळ, असा भाव आहे. तो अभंग त्यांचाच की मागाहून त्यांच्या तोंडी घातलेला, याची चर्चा अभ्यासक करोत. आपण एवढे पाहावे की, एक थोर भक्त स्वतःविषयी नम्रतेने असे म्हणतो, हे एक, आणि दाराशी उभे राहून इतरांनी त्याला ते ऐकविणे, हे दुसरे. पहिली भक्ती आहे, दुसरे क्रौर्य आहे. शब्द तेच, पण तोंड बदलले की धर्माचा अधर्म होतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवालाच सरळ जाब विचारला आहे. आम्हांला या हीन स्थितीत का ठेविलेस, हा त्याचा सवाल. आणि संप्रदायाने ते अभंग फेकून दिले नाहीत, गाथेत जपले. जाब विचारणाऱ्या लेकराला आपल्या परंपरेने घराबाहेर काढले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. परंपरा शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, हे साल सांगते. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्यात कितीकांची हाडे, त्यांत चोखोबांची कोणती? नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली. जिच्यातून विठ्ठल विठ्ठल असा ध्वनी आला ती उचलली आणि पंढरीस महाद्वारी समाधी दिली. ही संतकथा आहे, आम्ही ती श्रद्धेनेच सांगतो. पण पाहा, नामदेवांनीही परीक्षाच केली की! त्यांनी अस्थीला मागला जन्म विचारला नाही, कूळ विचारले नाही. या जन्मी या देहात काय मुरले आहे, एवढेच कान लावून ऐकले. माणूस पारखण्याची आपल्या संप्रदायाची रीत जर कोणती असेल, तर ती ही.

आणि आपण काय केले? त्या समाधीला पाय न लागो म्हणून जपून चाललो, पण चोखोबांच्या जातभाईंना त्या महाद्वाराच्या आत सहाशे वर्षे जाऊ दिले नाही. कारण विचारले तर उत्तर तयार, पूर्वकर्म! १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण मांडले, तेव्हा ते दार उघडले. दार उघडल्यावर कोणाचे पूर्वकर्म बदलले? कोणाचेच नाही. म्हणजे अडसर पूर्वकर्माचा नव्हता, आपल्या हाताने लावलेला होता. तो हाताने लावला होता म्हणूनच हाताने निघाला.

त्याच मंगळवेढ्याची दुसरी कथा दामाजीपंतांची. दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरत होती, आणि बादशाही धान्याची कोठारे भरलेली होती. पंतांनी ती लुटविली. रांगेत आलेल्या कोणाला त्यांनी मागल्या जन्मीचा दाखला मागितल्याचे कोणत्याही कीर्तनात आम्ही ऐकलेले नाही. भूक हाच दाखला. पुढे बिदरला बादशहाच्या दरबारी धान्याची रक्कम भरावयास पांडुरंग गेला, तो कोणाच्या रूपाने? विठू महाराच्या! वर्षानुवर्षे आपण ही कथा रंगवून सांगतो, पण तिचा अर्थ अंगाला लावून घेत नाही. ज्या जन्माला आपण पापाचे फळ म्हटले, तोच जन्म देवाने आपणहून अंगावर घेतला. मग तो जन्म शिक्षा कसा म्हणावा?

वाचकहो, दुसऱ्यांना बोलणे सोपे असते, म्हणून आता स्वतःचे सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळातल्या एका मृदंग वाजविणाऱ्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. आम्ही भेटावयास गेलो. काय बोलावे सुचेना, म्हणून आम्ही नेहमीचे वाक्य बोललो, "तुमचे-त्याचे ऋणानुबंध तेवढेच. काही पूर्वीचे राहिले असेल, ते फिटले." गृहस्थाने आमच्याकडे एकदाच पाहिले आणि मान खाली घातली. त्यानंतर तो भजनाला आला नाही. मृदंग दुसऱ्याला देऊन टाकला. आमचे वाक्य शास्त्राला धरून होते म्हणा, पण त्या दिवशी त्या घरात ते दगडासारखे पडले. आम्ही नुसते त्याच्याजवळ बसलो असतो, दोन टिपे गाळली असती, तरी पुरे होते. खरे पाहता ते वाक्य आम्ही त्याच्यासाठी बोललोच नव्हतो. त्याचे दुःख आम्हांला बघवेना, म्हणून त्यावर झाकण ठेविले.

येथे एक शंका येईल. लोकांना कर्माचे भय उरले नाही, तर पापाला धरबंध कसा राहील? उत्तर असे की, आम्ही कर्म सोडा म्हणत नाही, त्याचे तोंड फिरवा म्हणतो. कर्मविचार हा कंदील आहे. रात्री वाटेने चालताना तो आपल्या पायापुढे धरावयाचा असतो. समोरच्याच्या तोंडावर धरला तर त्याचे डोळे दिपतात आणि आपल्यालाही खड्डा दिसत नाही. माझ्यावर दुःख आले तर मी म्हणावे, माझे काही चुकले असेल, आता तरी नीट वागू. दुसऱ्यावर आले तर म्हणावे, माझे क्रियमाण आता सुरू झाले, मी काय करतो ते देव पाहात आहे. संचित मला दिसत नाही, प्रारब्ध माझ्या हाती नाही. तिन्हींपैकी हाती आहे ते क्रियमाण. त्याच्या 'भोगात' आपण ढवळाढवळ कशी करावी असे म्हणून जो हात आखडतो, तो दुसऱ्याचे जुने कर्म राखता राखता स्वतःचे नवे पाप जोडतो.

आणि पोराने मागितलेली परीक्षा ती इथे सापडते. आत्मा काट्यावर चढत नाही, पण श्रद्धा चढते. एखादी श्रद्धा उराशी धरल्यावर माणूस दुसऱ्याच्या दुःखाकडे धावतो की पाठ फिरवितो, हे दहा जणांना उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तिने पुनर्जन्म खरा की खोटा हे ठरणार नाही, हे आम्हांस कबूल आहे. ठरेल ते एवढेच की, आपण तो मानावयास लायक आहोत की नाही. दामाजीपंत या परीक्षेत उतरले. महाद्वार बंद ठेवणारे आपण नापास झालो. मृदंगवाल्याच्या घरी आम्हीही नापासच.

आता म्हातारीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिचे घर शोधून काढले. वाटेत तो कॉलेजचा मुलगा भेटला, त्यालाही बरोबर घेतले. तिला सांगितले, "आजी, काल आम्ही तुम्हांला नीट उत्तर दिले नाही. या लेकराने मागल्या जन्मी काय केले ते आम्हांला ठाऊक नाही, गल्लीला ठाऊक नाही, कोणालाच ठाऊक नाही. पण त्याला ऐकू येते की नाही, हे मात्र तपासता येते." पोराने डॉक्टरांकडून ऐकलेले समजावून दिले. गर्भारपणी आईला झालेला रुबेलासारखा आजार, जन्मतः झालेली कडक कावीळ, जवळच्या नात्यातले लग्न, अशी कारणे असू शकतात. कधी कारण सापडतही नाही. कानाची तपासणी बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत होऊ शकते. आणि बोलणे शिकण्याची खरी वर्षे पहिली दोन-तीनच. जितके लवकर कानावर शब्द पडतील तितके बरे. म्हातारी ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे दोन वर्सं आमी भोग म्हणून बसलो, ती फुकटच गेली की वो."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. ती दोन वर्षे लेकराच्या पूर्वकर्माने खाल्ली नाहीत. आमच्यासारख्यांच्या निरूपणाने खाल्ली.

तपासणी झाली. लेकराला ऐकू फार कमी येते, पण अगदीच नाही असे नाही. कानाला यंत्र बसले आहे, बोलण्याच्या शिकवणीला आजी त्याला घेऊन जाते. परवाच्या एकादशीला ती भजनाला आली होती. टाळ वाजले तेव्हा पोराने मान वळविली. बोल अजून फुटलेला नाही, कधी व किती फुटेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हातारी आता कोणाला मागला जन्म विचारीत नाही. विड्यांचा हिशेब आटोपून तिन्हीसांजेला त्याला मांडीवर घेते आणि त्याच्या कानाशी पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणते, विठ्ठल.

भाविकहो, पुढल्या वारीला महाद्वारी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवाल, तेव्हा क्षणभर कान लावून पाहा. आणि घरी परतल्यावर कोणाच्या दुःखावर 'पूर्वकर्म' हा शब्द ओठाशी आला, तर तो तेथेच गिळा आणि आधी हात पुढे करा.

रामकृष्णहरी.